जुलैतला उंब्रिया आणि दुपारचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो. इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही तीन नावं आपल्याला पाठच असतात. आज त्यांच्याबद्दल नाही बोलायचं. आज उंब्रिया. रोमच्या उत्तरेला, डोंगराळ, चहूबाजूंनी जमीन. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीतली गावं, खाली ऑलिव्ह आणि सूर्यफुलं. जर्मनी-इंग्लंडमधली आपली मुलं आईवडिलांना बोलावतात ती त्यांच्या सुट्टीत, म्हणजे नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा तिथे पारा पस्तिशी सहज ओलांडतो आणि समुद्राचा वारा पोचत नाही.

आता कुणीतरी म्हणणार, पस्तीस? आमच्या अकोल्याला या! बरोबर आहे. पण अकोल्यात तुम्ही भर दुपारी दगडी चढ चढून चर्च बघायला निघत नाही.

तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगतो. दुपारी दोन ते सहा बाहेर पडायचं नाही. लक्षात ठेवा, बारा ते तीन नव्हे, दोन ते सहा.

असं का, ते मला आमच्या मोठ्या मामांमुळे पटलं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंब्रियात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. मामांच्याच रेजिमेंटचे, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथल्याच तिबेर नदीच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. सगळी तुकडी जखमी किंवा ठार, तरी एकट्याने मशीनगनवर चालून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांचं स्मारक झालं, आणि ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं ब्रीद आहे त्याचं.

मामांनी ठरवलं, सलामी द्यायची ती सूर्य माथ्यावर असताना. आमच्या शेतघराची मालकीणबाई सकाळी सातलाच निघा म्हणत होती. छे! बाराच्या ठोक्याला मामा तिथे हजर, टोपी नीट, मिशा नीट. मनगटी घड्याळात बारा वाजले. मामांनी हातातली काठी शेजारच्या मातीत उभी रोवली. सावली चांगली लांब! मामा म्हणाले, "हे बारा नाहीत. थांबायचं."

मग काय, थांबलो. मामांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला. दहा मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. मामी झाडाखाली पदराने वारा घेत बसल्या. बाकावरचे एक इटालियन आजोबा हे सगळं बघत होते. ते उठून आले आणि स्वतःच खडे वेचून मामांच्या हातात द्यायला लागले. भाषा एकाचीही दुसऱ्याला येईना, पण दोघांचं झकास जमलं. साडेबारा झाले, एक झाला, सावली आखडतेच आहे. सव्वा वाजून गेल्यावर ती दीड वितीवर आली आणि तिथून पुढचा खडा किंचित लांब पडला. मामांनी ताडकन टाचा जुळवल्या, कडक सलामी दिली. आजोबांनीही छातीवर हात ठेवला.

परत निघताना मामी म्हणाल्या, "सूर्य एकच असेल हो, पण घड्याळ सरकारचं!"

अगदी खरं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यात उंब्रिया त्यांच्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला. त्यामुळे खरी मध्यान्ह सव्वाच्या सुमाराला, आणि खरा ताप त्यानंतर, चार-पाचपर्यंत. उलट सूर्य मावळतो पावणेनऊला. म्हणजे संध्याकाळ लांबलचक हाताशी. सकाळी सात ते अकरा फिरा, संध्याकाळी साडेसहानंतर फिरा. मधे जेवा आणि झोपा. झोपेला नावं ठेवणाऱ्यांचं माझ्याशी कधीच जमलं नाही, पण तो वेगळा विषय.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर सांगतो. राहायला शेतघर बघा, तिकडे अग्रितुरिस्मो म्हणतात. बुकिंगआधी विचारा: एसी आहे का, खिडक्यांना मच्छरजाळी आहे का, आणि बस रविवारी येते का. बाहेरच्या लाकडी झडपा ऊन चढायच्या आत बंद, रात्री उघड्या. भिंती जाड असतात, खोली गार राहते. गाडी चालवणार असाल तर आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. जुन्या गावाच्या वेशीवर झेड-टी-एल, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी, अशी पाटी दिसली तर गाडी बाहेरच लावा. आत कॅमेरे असतात आणि दंड भारतात घरापर्यंत येतो. चाकांच्या मोठ्या बॅगा नकोत, दगडी गल्ल्यांत त्यांचा खडखडाट सगळ्या गावाला ऐकू जातो. फारच उकडलं तर त्रासिमेनो तळ्याकाठी जा, नाहीतर कास्तेल्लुच्चोला, चौदाशे मीटरवर. तिथल्या मसुराच्या शेतांतली रानफुलं जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत.

आणि १५ ऑगस्ट. तिकडे त्या दिवशी फेर्रागोस्तो, मोठी सुट्टी. खूप दुकानं बंद, काही तर आठवडा-दोन आठवडे. किराणा १४ तारखेलाच भरून ठेवा, दूध विसरू नका, चहा तर आपला आपल्यालाच करायचा असतो. नमस्कार.