आपल्या हातचे विमान

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट २००३मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या केप स्पिअर या टोकावरून बाल्सा लाकडाचे एक लहानसे विमान हवेत सोडण्यात आले. ३८ तास ५२ मिनिटे अखंड उडून, सुमारे ३००० किलोमीटरचा अटलांटिक महासागर ओलांडून, ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुखरूप उतरले. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख मेनार्ड हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. दोन्ही किनाऱ्यांवर विमान रेडिओने हाताळले गेले. मधला प्रवास त्याने उपग्रहांच्या आधारे दिशा धरणाऱ्या स्वयंचालक यंत्रणेवर केला. विक्रमासाठी विमानाचे वजन इंधनासह ५ किलोच्या आत असणे बंधनकारक होते. इंजिन, यंत्रणा आणि दीड दिवसाहून अधिक पुरेल एवढे इंधन त्यात बसवायचे, म्हणजे सांगाड्याच्या वाट्याला किती थोडे वजन उरले असेल याची कल्पना करा. विमान कसे उडेल हे बरेचसे घडवण्याच्या टेबलावरच ठरते, अशी माझी खात्री आहे, आणि म्हणूनच रेडिओने चालणारी छोटी विमाने उडवण्याचा छंद जडलेल्या नवख्या माणसाला मी तयार विमान विकत घेण्याऐवजी पहिले विमान स्वतः बांधायला सांगतो.

सुरुवातीला पंख धडाच्या वर असलेले विमान बांधावे. धडाचे वजन पंखांच्या खाली राहते आणि पंखांची टोके मधल्या भागापेक्षा थोडी उचललेली ठेवली, तर विमान कलले तरी स्वतःहून सरळ होऊ पाहते. पंखांची एकूण लांबी सव्वा मीटरच्या आसपास आणि वजन किलोभराच्या आत असले, की ते नवशिक्याला झेपेल इतक्या संथपणे उडते. साहित्य म्हणून बाल्सा उत्तम, कारण इतके हलके असूनही भार पेलणारे लाकूड दुसरे क्वचितच मिळते. पण ते महाग वाटले तर फोमच्या पातळ शीटवरही काम भागते. मात्र थर्मोकोलच्या जातीच्या फोमला फेव्हिक्विक लावू नये, ते फोमला अक्षरशः खाते आणि सांध्याच्या जागी भोक उरते. आधी एखाद्या तुकड्यावर लावून पाहण्याची सवय ठेवावी.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे वळतो. ती म्हणजे विमानाचा तोल. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट टेकवून विमान उचलावे. बॅटरीसकट ते आडवे, किंवा नाक किंचित खाली झुकवून राहिले पाहिजे. शेपूट खाली गेली, तर विमान उडवूच नये, मग मित्रमंडळी मैदानावर खोळंबलेली का असेनात. शेपूट जड असलेले विमान हात सुटताच नाक वर करते, त्याचा वेग मोडतो, पंखांची उचल नाहीशी होते आणि ते एका अंगावर कलंडून खाली येते. जमिनीवरून एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती झडप, कितीही हलवला तरी ते सावरणे नवख्याच्या हाताबाहेरचे असते. उपाय सोपा आहे. बॅटरी हा विमानातला सर्वांत जड सुटा भाग असतो, म्हणून तिची जागा शेवटी ठरवावी, ती पुढेमागे सरकवून तोल साधावा आणि एकदा साधलेल्या जागी पट्ट्याने पक्की बांधावी. नाकात शिसे कोंबण्याची वेळ शक्यतो येऊच देऊ नये.

मैदानात पोहोचल्यावर ट्रान्समीटर, म्हणजे विमान हाताळण्याचा हातातला रेडिओ संच, आधी सुरू करावा आणि विमानाची बॅटरी नंतर जोडावी. बंद करताना याच्या उलट. नंतर पंखांवरची आणि शेपटीवरची प्रत्येक झडप योग्य दिशेला हलते का, हे विमानाच्या मागे उभे राहून पाहावे. ट्रान्समीटरवरची दांडी, म्हणजे स्टिक, उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर उठली पाहिजे. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो, पण उलट जोडलेली झडप हवेत गेल्यावर दुरुस्त करता येत नाही. पहाटेनंतरचा, वारा पडलेला वेळ निवडावा आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडावे.

खरी परीक्षा विमान आपल्याकडे वळल्यावर सुरू होते. ते दूर जात असेपर्यंत डावे-उजवे आपल्यासारखेच असते. तोंड आपल्याकडे झाले की ते उलटे भासते आणि भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. यावर जुनी, खात्रीची युक्ती अशी, की विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यावी. पंख वर येतो. संगणकावरच्या सिम्युलेटरवर याचा सराव आधी करून घेतल्यास कित्येक विमाने वाचतात.

उडवण्याची जागा निवडताना डोळ्यांसमोर गर्दी, रस्ता, विजेच्या तारा आणि विमानतळ यांचे भान असावे. आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या विमानांचा उल्लेख आहे. त्यातल्या तरतुदी आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा आपल्या भागाचा नकाशा पाहूनच मैदान ठरवावे.

उतरताना घाई करू नये. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, हळूहळू कमी करत, वाऱ्यासमोर, लांबून येऊ द्यावे, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर एलिव्हेटर किंचित ओढून ठेवावा. घरी आल्यावर लिथियम पॉलिमर बॅटरी रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा, चार्जिंगच्या वेळी समोर बसावे, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही विमानात लावू नये.