जुन्या बेसचा सातबारा

(सांगलीत वादकांच्या एका बैठकीत झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय, 'जुन्या, महागड्या बेस गिटारची किंमत कशी ठरवावी'. त्यावर मी येणार आहे. पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ती डोक्यात घेऊन मी पाच वर्षं फिरतोय आणि इतके बेसवाले एका खोलीत आजच सापडलेत. मिरजेहून सतारमेकर मंडळीही आलीत, त्यांचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे, त्याकडेही येतो.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. दिवसभर विहिरीवरच्या मोटारी आणि तांब्याची तार, संध्याकाळी बेसच्या चार तारा. ऑर्केस्ट्रात उभा राहायला लागून एकतीस वर्षं झाली. एकदा तासगावकडे हळदीच्या कार्यक्रमात एक आजी माझ्या गिटारकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी जवळ येऊन म्हणाल्या, "बाळा, तुझ्या दोन तारा कुणी तोडल्या?" (हशा) मी म्हटलं, आजी, हिला चारच असतात. मग हिचं काम काय, म्हणाल्या. मी पुढच्या गाण्यात एक अख्खं कडवं हात काढून उभा राहिलो. गाणारा गातोय, ढोलकी चालू आहे, कीबोर्ड चालू आहे. आजींनी लांबूनच हात केला, "वाजव बाबा, पोटात खड्डा पडल्यागत झालं." बेस म्हणजे काय हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

तर गोष्ट अशी. फेब्रुवारी २०२० मध्ये मी अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा एक जॅझ बेस घेतला, १९७३ चा. आपल्या भागात असं वाद्य वर्षानुवर्षं डोळ्याला पडत नाही. विकणारा कोल्हापूर बाजूचा. नाव सांगणार नाही, विचारूही नका. पेठ नाक्यावर एका हॉटेलात भेटलो. सौदा अदलाबदलीचा ठरला: माझा म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस द्यायचा आणि वर एक लाख दहा हजार रोख. स्टिंगरे देताना हात जड झाला होता. बारा वर्षं त्याच्यावर रोजी कमावली होती. पण त्र्याहत्तरचा जॅझ बेस समोर उघडल्यावर माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी तपासलं नाही असं नाही. मीटर बरोबर नेला होता. दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबकं आणि त्यांच्याभोवतीची तारेची वेटोळी, मोजले, सव्वासात किलोओहमच्या आसपास. उत्तम. चुंबकांच्या टोकांवर थोडा गंज दिसला. तो म्हणाला, घामानं आलाय. येतो घामानं, माझ्याही बेसवर आलाय. पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग, बघितले तर नवे कोरे. म्हणाला, जुने खरखर करत होते, काढून टाकले. तेही होतं. तारा नव्या, फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कडा घासून लखलखीत केलेल्या. फेब्रुवारीची कोरडी हवा, नेक म्हणजे गिटारची लांब मान सरळसोट. वाजवला तर आवाज असा, की बाजूच्या टेबलावरचा माणूस हातातला चहा खाली ठेवून बघायला लागला. मी पैसे मोजले.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. कार्यक्रम नाहीत, दुकान अर्धवट. रोज चार-चार तास वाजवत बसलो. जुलैमध्ये पाऊस धरला आणि नेक पुढे वाकायला लागली. तारा उंच झाल्या. त्यात नवल काही नाही, लाकूड आहे, पावसाळ्यात हलणारच. नेकच्या आत ताणाची सळई असते, ती अर्धा वेढा आवळली की काम होतं. पण त्या काळच्या जॅझ बेसला सळईचं नट नेकच्या बुडाला असतं. म्हणजे चार स्क्रू काढून नेक उतरवल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

मी नेक उतरवली. बॉडीत जिथं नेक बसते त्या खाचेच्या कोपऱ्यात एक काळपट पापुद्रा होता. नखानं उचलला, चिमटीत चोळला, पिठासारखा झाला. मग मी तो नाकाला लावला.

मंडळी, त्या वासाचं वर्णन सांगलीत करावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझ्या दुकानात चाळीसेक मोटारी आठ दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर महिनाभर मी त्याच गाळात हात घालून बसलो होतो. तो गाळ मी झोपेतसुद्धा ओळखीन. नट सळईला गंजून असं धरलं होतं की जरा जोर लावला असता तर नेकच गेली असती. आता सगळं जुळलं. पॉट नवे का? कारण जुने पाण्यात गेले. फ्रेट लखलखीत का? कारण गंज घासून काढला. पुढच्या महिन्यात मागचा पिकअपही मुका झाला. आतली तार कुठंतरी खाल्ली गेली होती.

मी फोन लावला. त्यानं नाकारलं नाही. शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

हे वाक्य मला आजही लागतं. पुरात ज्याचं गेलं त्याला पैशाची नड असते, हे मला कुणी शिकवायला नको. त्यानं पेठ नाक्यावर एवढंच म्हटलं असतं, की दादा, हा पुरात होता, मी सुकवलाय, बघा तुम्हाला काय वाटतं ते, तर मी तो घेतला असता. शपथेवर सांगतो, घेतला असता. किंमत थोडी तोडली असती आणि त्याच दिवशी नेक उतरवून सळईला तेल सोडलं असतं. त्यानं पाच महिने मला अंधारात ठेवलं आणि त्या पाच महिन्यांत गंज आत आत जात राहिला. माझ्या पैशांचं सोडा, नुकसान वाद्याचं झालं. बोलता आलं असतं तर त्या बेसनंच सांगितलं असतं.

आता मिरजेकडे येतो. नट सुटेना तेव्हा मी सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेलो. चाचांनी आयुष्यात बेस दुरुस्त केलेला नव्हता. त्यांनी ती नेक उजेडात धरली, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "लाकूड अजून जिवंत आहे, घाई करू नका." रोज दोन थेंब तेल, अकरा दिवस. बाराव्या दिवशी नट सुटलं. नेकवर बोटं फिरतात त्या पट्टीची शिसव बघून त्यांनी विचारलं, हे आपल्याकडचं लाकूड वाटतं. खरंच, त्या काळातल्या बऱ्याच फेंडरवर भारतातून गेलेली शिसव आहे. अमेरिकेला जाऊन, गिटार होऊन, पुराचं पाणी पिऊन ती परत मिरजेत आली होती.

त्या अकरा दिवसांत मी त्यांच्याकडे जुने तानपुरे येताना बघितले. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिली चौकशी वाद्याच्या घराण्याची. कुणाकडे होता, भोपळा कधी बदलला, जवारी म्हणजे तारेची झंकार शेवटची कुणी काढली, तारांखालची घोडी मूळची का. सांगणारा सांगतो, ऐकणारा मान हलवतो, मग पैशाचं बोलणं. शिकलगारांच्या घरांनी हत्यारं सोडून वाद्यं हातात घेतली त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण ही तोंडी वंशावळ मला मानांकनाएवढीच मोलाची वाटते. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा दात बघितल्याशिवाय इसार देत नाही. आदत आहे, दुसा आहे का जुळलाय, ते बैलाच्या तोंडात लिहिलेलं असतं. बेसच्या तोंडात कोण लिहिणार?

तर माझं म्हणणं हे. प्रत्येक चांगल्या बेसच्या पेटीत एक वही असावी. मी तिला सातबारा म्हणतो. जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो, बोजा आहे का बघतो, आणि दोन-तीन लाखांचं वाद्य मात्र चहाच्या टेबलावर तोंडी घेतो! वहीत काय लिहायचं? कधी घेतला, कुणाकडून, किती वजन, पिकअपचं मोजमाप. फ्रेट कधी घासले, कधी बदलले. पडला का, तडकला का, भिजला का. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून पेटीतच ठेवायचा, मग तो सडलेला पॉट का असेना. आणि विकताना वही वाद्याबरोबर जायची.

जगातलं उदाहरण घ्या. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेला होफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नास वर्षांनी तो इंग्लंडमध्येच एका घराच्या माळ्यावर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली, तेव्हा होफनर कंपनीनं तपासून खात्री दिलेली होती. मॅकार्टनीचा होता म्हणून शोधायला माणसं निघाली आणि ओळखायला कंपनी बसली. कवठेमहांकाळच्या बेसवाल्याची गिटार एसटीत राहिली तर तिची ओळख कशावरून पटवणार?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. बरं. आता फलकावरचा विषय, भराभर.

किंमत सगळ्यात आधी साल ठरवतं. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा, जॅझ बेस १९६० चा. १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या मोठ्या अमेरिकन कंपनीकडे गेली, त्याच्या आधीचं वाद्य म्हणजे वेगळाच भाव. पण साल मागच्या पत्र्यावरच्या नंबरावरून ठरवू नका. पत्रा चार स्क्रूंवर आहे, कुणीही बदलू शकतो. आत पॉटवर आकडे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. १३७६६२० वाचलं तर १९६६ चा विसावा आठवडा. इथं सावध राहा. फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षं वापरला. म्हणजे पॉट एवढंच सांगतो की बेस याच्या आधीचा नाही. नेकच्या बुडावरची तारीख, पॉट, डाग, सगळ्यांची साक्ष जुळली पाहिजे. डाग म्हणजे तारा जोडायचं सोल्डर. मूळचा डाग मंद आणि जुना दिसतो, काल केलेला चमकतो.

दुसरं, रंग. जुन्या बेसला नवा रंग दिला की भाव जवळपास निम्म्यावर येतो. रंग उडालेला चालेल, दिलेला चालत नाही. लग्न आहे म्हणून जुन्या बेसला पॉलिश करून आणणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत, त्यांना हात जोडून विनंती. फ्रेट काढून टाकण्याचंही तेच. नामवंत बेसवादक जॅको पास्टोरिअसच्या १९६२ च्या जॅझ बेसला फ्रेट नव्हते म्हणून तो बेस अमर झाला. आपण काढले तर फक्त भाव पडतो. (हशा)

तिसरं, नव्या जमान्यातले हातानं बनवलेले बेस. फोडेरा, सॅडोव्स्की, अलेम्बिक. यांच्यात साल गौण. ज्यानं बनवून घेतला त्याच्या हाताच्या मापाचा आणि आवडीच्या लाकडाचा तो असतो, म्हणून घेणारा शोधायला वेळ लागतो. विकणाऱ्यानं धीर धरावा, घेणाऱ्यानं वाजवल्याशिवाय घेऊ नये. सॅडोव्स्कीसारख्यांच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती फुटून खालचं सर्किट खाल्लंय का, झाकण उघडून बघा.

अदलाबदल करताना दोन्ही वाद्यांची रोखीतली किंमत आधी ठरवा, मग वरचे पैसे काढा. मी पेठ नाक्यावर उलटं केलं होतं. आणि पावसाळ्यात घेतलेलं वाद्य उन्हाळ्यात कसं वागतं हे बघायला सहा महिन्यांची बोली करा, कागदावर. माझ्या गिऱ्हाइकाला मी ती देतो.

शेवटचं. तो त्र्याहत्तरचा बेस मी केसासारख्या बारीक तारेनं पिकअप पुन्हा भरून, सगळं लिहून, कराडच्या एका मुलाला विकला. घेतला त्याच्या बराच खाली. वहीच्या पहिल्या पानावर 'पूर, २०१९' असं लिहिलं आहे. त्यानं ते पान वाचलं, मग पुढची तीन पानं वाचली आणि घासाघीस न करता पैसे दिले. आज तो बेस घेऊन आलाय. त्या टेबलावर नेक उतरवून ठेवली आहे, शेजारी वही आहे, उजेडाला टॉर्च आहे. कोपऱ्यातला थोडा गाळ मी मुद्दाम तसाच ठेवलाय, बघून घ्या.

बघून झालं की नेक तो स्वतः बसवेल, बाकी कुणी स्क्रूला हात लावू नका. स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक्‌ करून बसला की मगच आवळायचा. पन्नास वर्षं जुनं भोक आहे ते.