उशिरा मरणारा उंदीर

नमस्कार मंडळी. माईक जरा खाली करा, मी एवढा उंच नाही. हां, आता बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'उंदरांचं विष आणि शहरातले पशुपक्षी : उपाय व पर्याय'. मला चाळीस मिनिटं मिळतील असं सांगितलं होतं, पण आधी दोन सत्कार झाले त्यात किती गेली ते आयोजकांनाच माहीत. असो, सत्कारांवर बोललो तर परत बोलावणार नाहीत.

आधी हात वर करा, उंदराचं औषध कोणाकोणाच्या घरात आहे? लाजू नका, माझ्याही होतं. बघा, 'औषध' म्हटलं की भराभर हात वर येतात, 'विष' म्हटलं असतं तर निम्मे खालीच राहिले असते. आणि गंमत म्हणजे त्यातलं एक खरंच औषध आहे. वॉरफरिन. तुमच्यापैकी कोणाला रक्त पातळ करायची ती गोळी चालू असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका, फक्त गोष्ट ऐका. ही माझी लाडकी गोष्ट आहे. घरचे आता ऐकत नाहीत म्हणून तुम्हाला सांगतोय.

1933 सालचा फेब्रुवारी. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, शनिवार, बाहेर हिमवादळ. एड कार्लसन नावाचा शेतकरी ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, थोडा खराब झालेला चारा आणि दुधाचा एक कॅन घेऊन तीनेकशे किलोमीटर लांब मॅडिसनला आला. कॅनमध्ये दूध नव्हतं, रक्त होतं, आणि ते गोठत नव्हतं. त्याची गुरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. सरकारी जनावरांचं ऑफिस बंद, शनिवार ना! (ऑफिस कुठलंही असो, शनिवार तो शनिवारच.) मग ज्या दारात उजेड दिसला तिथे गेला, ते निघालं कार्ल लिंक नावाच्या बायोकेमिस्टचं. लिंकनी त्या वेळी सांगितलं की बाबा, हा चारा घालू नकोस. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. चारा होता स्वीट क्लोव्हर, त्याला बुरशी लागली की त्यात एक रसायन तयार होतं, ते शोधून काढायला पुढे सहा वर्षं गेली. त्याचंच भावंड म्हणजे वॉरफरिन, 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांत माणसांनाही द्यायला लागले. म्हणजे गुरांचा रोग, उंदराचं विष आणि माणसाचं औषध, सगळं एकाच कॅनमधून निघालं!

आता उंदरासाठी हेच का, ते बघा. उंदीर महासंशयी प्राणी. नवीन काही दिसलं की इवलंसं कुरतडतो आणि थांबतो, कारण त्याला उलटी करताच येत नाही, चूक परवडत नाही. पोटात दुखलं की परत त्याला तोंड लावत नाही. झिंक फॉस्फाइडसारखं झटकन काम करणारं विष इथेच फसतं. पण या रक्तवाल्या विषाने लगेच काहीच होत नाही. रक्त गोठवणारे घटक लिव्हरमध्ये तयार होतात, त्याला व्हिटॅमिन के लागतं, हे विष नेमकं तेच चक्र बंद पाडतं. पण आधीचा साठा असतो ना, तो संपेपर्यंत उंदीर ठणठणीत. मरायला तीन ते सात दिवस लागतात आणि तोवर तो खातच राहतो! मरण्यापुरतं खाऊन झाल्यावरही खातो. माझं सगळं म्हणणं इथे आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल: तो उशीर चुकून राहिलेला नाही, मुद्दाम ठेवलेला आहे, आणि त्या उशिरातच तो उंदीर दुसऱ्याचं जेवण होतो.

आमच्या इमारतीत हे डोळ्यांनी बघितलं. कमिटीने कोणाला तरी बोलावून जिन्याखाली निळ्या वड्या ठेवल्या. आठवड्याने भर दुपारी एक उंदीर पार्किंगच्या मधोमध चालतोय, भिंत सोडून, सावकाश, आजोबा फिरायला निघाल्यासारखा. मी मीटिंगमध्ये म्हटलं की मागच्या झाडावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, ती हाच उंदीर उचलणार. तर एक गृहस्थ म्हणाले, घुबड गेलं तर बरंच, अपशकुन टळेल. मिनिट्समध्ये माझं नाव 'घुबडवाले' म्हणून आलं! पुढे एक घुबड झाडाखाली पडलेलं सापडलं. जखम नाही, काही नाही. तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे ते विषानेच मेलं असं मी छातीठोक सांगणार नाही.

पण फ्लॅकोची तपासणी झाली होती. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातलं मोठं घुबड, 2 फेब्रुवारी 2023 ला कोणीतरी जाळी कापली आणि ते बाहेर पडलं. वर्षभर शहरातले उंदीर खाऊन जगलं, लोकांचं लाडकं झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये एका इमारतीजवळ पडलेलं सापडलं, सगळे म्हणाले धडकून मेलं. शवविच्छेदनात कबुतरांकडून आलेला हर्पीस व्हायरस निघाला आणि उंदरांची चार वेगवेगळी विषं, जीव घेण्याइतकी. एका पोटात चार! म्हणजे धडक ही शेवटची गोष्ट, आधीच...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून उपायांवर आलोच नाही.

बरं, पटापट. वॉरफरिनला उंदीर दाद देईनात, 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये दिसलं ते, म्हणून अशाच विषांची दुसरी, जास्त जालीम पिढी आली, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम. ही एका खाण्यात पुरतात आणि लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने राहतात. त्यामुळे घुबडाने आज एक, पुढच्या आठवड्यात एक असे उंदीर खाल्ले की साठत जातं. घुबड, घार, साप, मांजर, सगळ्यांना तेच. कॅलिफोर्नियात 2021 पासून या दुसऱ्या पिढीच्या बहुतेक वापरावर बंदी आहे. आता कोणी म्हणेल बेटांवर तर हेच ब्रोडिफॅकम टाकून समुद्रपक्षी वाचवतात. बरोबर आहे, पण तिथे सगळे उंदीर संपवून विष थांबवतात, आपण जिन्याखाली बारा महिने ठेवतो.

आणि हिशोब बघा, घरातली उंदरीण तीन आठवड्यांत विते, पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः आईबाप. घुबडाला पिल्लं वाढवायला महिने लागतात. दोघांना सारखंच मारलं तर आधी कोण परत येणार?

करायचं काय, तर भोकं बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, स्टील वूल भरून वर सिमेंट. कचऱ्याला घट्ट झाकण. खटक्याचा सापळा लावा, चिकट कागद नको, त्यावर पाली आणि चिमण्याही अडकून तडफडतात. आणि मांजराने किंवा कुत्र्याने विष किंवा तसा उंदीर खाल्ला असं वाटलं तर लक्षणांची वाट बघू नका, सुरुवातीला ती दिसतच नाहीत, पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रक्तवाल्या विषावर उतारा आहे, व्हिटॅमिन के, पण तो आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो. घुबडाला कोण देणार म्हणा.

हो हो, थांबतो. मघाशी ज्यांनी हात वर केले त्यांनी घरी जाऊन पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव तेवढं वाचा, चष्मा लावून.