घड्याळ बरोबर, जाडी चूक

मित्रहो, आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकात जाडीमापन आणि प्रवाहमापन असे दोन्ही शब्द आहेत. परंतु त्यापूर्वी एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेच्या, ध्वनीचे उपकरण प्रत्यक्षात मोजते ती वेळ. पडद्यावर दिसणारे मिलिमीटर हे त्या वेळेवरून आपण काढलेले अनुमान असते.

1880 मध्ये क्यूरी बंधूंनी दाखवलेल्या दाबविद्युत परिणामाच्या (स्फटिक दाबला की वीज निर्माण होते) उलट क्रियेने, म्हणजे वीज दिली की, प्रोबमधील (धातूवर टेकवायच्या टोकातील) स्फटिक थरथरतो, ध्वनी धातूत शिरतो, मागच्या पृष्ठभागावरून परततो आणि बहुधा तोच स्फटिक त्या प्रतिध्वनीचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करतो. जाण्यायेण्याच्या वेळेला धातूतील ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. (प्रोबखाली जेल लावायचे कारण इतकेच की, हवेचा पातळ थर राहिला तरी या वारंवारितेचा जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो; धातूतली भेग सापडते तीही याच गुणामुळे.) या गुणाकारातील वेळ उपकरण देते, वेग मात्र आपण भरतो.

हे मला एका बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपने शिकवले. अनेक वर्षे वापरात असलेल्या त्या पाइपची मूळ जाडी 10 मिलिमीटर होती आणि गंजून ती किती उरली हे मला सांगायचे होते. पोलादी ठोकळ्यावर उपकरण काळजीपूर्वक जुळवून घेतले, वेग सेकंदाला 5900 मीटर ठेवला, आणि वाचन आले 10.3. गंजलेला पाइप नव्यापेक्षा जाड कसा, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा होता. ओतकामात एवढा फरक असतोच, असे मीच मला समजावले आणि पाइप निर्धोक असल्याचे लिहून दिले. पुढे दुसऱ्याच कामासाठी तो कापला गेला, तेव्हा मायक्रोमीटरने मोजलेली जाडी भरली 8 मिलिमीटर. त्या तुकड्यावर प्रोब ठेवून उलट हिशेब केला, तर वेग निघाला सुमारे 4600. ध्वनीला जाऊन यायला लागलेले 3.48 मायक्रोसेकंद उपकरणाने अचूक मोजले होते. चुकीचा आकडा मी भरला होता. त्या पाइपमुळे कोणाला इजा झाली नाही, पण ती सही मी विसरलेलो नाही.

करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे वेग घटतो, आणि किती घटतो हे त्या त्या ओतकामावर अवलंबून असते. म्हणून कोष्टकातील आकडा इथे पुरत नाही, त्याच धातूचा, ज्ञात जाडीचा तुकडा हवा. मला मोह घालणारी गोष्ट पुढे आहे. जाडी आधीच माहीत असेल, तर तीच वेळ आपल्याला वेग सांगते आणि वेग धातूची घडण सांगतो. ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात नीट जमले असेल, तर वेग 5600 च्या आसपास जातो, म्हणून ओतशाळेत वस्तू न फोडता ही परीक्षा घेतात. काँक्रीटचा दर्जाही अशाच रीतीने, आरपार जाणाऱ्या स्पंदाच्या वेगावरून, अजमावला जातो.

वेळ संपत आली आहे, तेव्हा प्रवाहमापन थोडक्यात सांगतो. पाइपमध्ये तिरपा ध्वनी एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध पाठवतात. दोन्ही वेळांचे व्यस्तांक घेऊन वजाबाकी केली की पाण्यातील ध्वनीचा वेग समीकरणातून निघून जातो आणि प्रवाहाची गती, मार्गाची लांबी व त्याचा कोन एवढेच उरते. पाण्याचे तापमान बदलले की त्यातला ध्वनीचा वेगही बदलतो, म्हणून ही वजाबाकी मला फार सुंदर वाटते.

परंतु बाहेरून बसवायच्या मापकाला गतीवरून प्रवाह काढण्यासाठी पाइपचा आतला व्यास लागतो आणि तो बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी दोनदा वजा करून मिळतो. माझ्या पाइपचा बाहेरचा व्यास 120 मिलिमीटर धरा. जाडी 8 ऐवजी 10.3 भरली, तर केवळ क्षेत्रफळाच्या चुकीमुळे प्रवाह जवळजवळ 9 टक्के कमी दिसेल.