पिन कोणाला माहीत आहे?

मे महिना. दुपारचे साडेतीन. पारा 45 ला टेकलेला, पण बर्डीतल्या मल्टिप्लेक्सच्या दारात गर्दी आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पिक्चर म्हणजे तीन तासांचा एसी. अर्धी मंडळी त्यासाठीच आलेली असतात, नाही म्हणू नका.

आई, बाबा, आजी आणि दुसरीतला मुलगा. तिकीट दाखवून चौघं आत जातात. पडद्यावर आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं: 'यूए 16+'. नेमका तेव्हाच आजीचा चष्मा सापडत नाही. पॉपकॉर्नचा डबा या हातातून त्या हातात जातो आणि प्रमाणपत्र निघून जातं.

हा यूए शिक्का 1983 चा. तेव्हा त्याचा अर्थ सरसकट एकच: बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही, ते आईबाबांनी बघावं. 2023 साली कायदा बदलला आणि त्याचे तीन भाग झाले: 7+, 13+, 16+. 'ए' असेल तर अठराच्या आतल्याला दारातच थांबवायचं. यूएला कोणी थांबवायचं? कायदा सांगतो, ते आईबाबांनीच ठरवायचं. दारावरचा माणूस त्यात पडू शकत नाही.

मध्यंतरात बाबांना विचारलं.
"यूए म्हणजे फॅमिली पिक्चरच ना जी? ए असता तर याला आणलंच नसतं."

आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून सांगतो. नायक-नायिका जरा जवळ आले, तशी आईची ओढणी पोराच्या डोळ्यांवर गेली. त्याआधी वीस मिनिटं पडद्यावर माणसं कापली जात होती. तेव्हा ती त्याला समोसा भरवत होती.

आता महालातलं त्यांचं घर. कूलरची घरघर, समोर टीव्ही. आजीचा हिशोब सरळ आहे: टीव्हीवर येतं ते घरात चालण्यासारखंच असतं. केबलपुरतं तिचं फारसं चुकत नाही. 'ए' सिनेमा काटछाट करून यूए झाल्याशिवाय तिथे येत नाही. पण या टीव्हीची केबल कधीच निघाली. आता सगळं इंटरनेटवर, आणि तिथे 2021 च्या नियमांनी 13+ आणि त्यापुढच्या मजकुराला कुलूप लावायची सोय द्यावीच लागते.

"लावलंय ना," आई म्हणते. "मीच लावलं."
पिन काय ठेवला?
"याची जन्मतारीख."

मुलगा कूलरकडे तोंड करून हसतो. आई रिमोट घेते, दोनदा चुकते, आणि मग त्यालाच विचारते, "आधी महिना टाकला होता की तारीख रे?"