डबा केवढ्याला, किलो केवढ्याला?

नमस्कार श्रोतेहो. महिन्याचं वाणसामान मोठ्या घाऊक दुकानातून भरायचं की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, हा आजचा विषय. याचं उत्तर दुकानाच्या पाटीवर नसतं. ते किलोच्या दरात असतं. पाकिटाचा भाव सोडा, किलोचा दर काढा. हे मी आज दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

आता नाशिककडच्या एका सोसायटीची गोष्ट ऐका. आकडे तुमच्या सोयीसाठी गोल केलेत. दिवाळी तोंडावर आलेली. भिशीच्या बायकांनी ठरवलं की यंदा तेलाचे डबे एकदम आणायचे. वाण्याचा भाव होता डब्याला 2250 रुपये. गावाबाहेरच्या घाऊक दुकानात तोच सोयाबीन तेलाचा डबा 2150 ला. शंभर रुपयांचा फरक! बारा घरांनी बारा डबे उचलले, सहाशे रुपये देऊन टेम्पो केला आणि येताना वाण्याच्या दुकानासमोरून जरा हळूच नेला. शेठ गल्ल्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत.

त्याच इमारतीत एक आजी राहायच्या. दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घ्यायच्या, त्यामुळे घरात मोठा वजनकाटा. त्यांचं सगळं वजनावर चालायचं; भाजणी वजनावर, तेलसुद्धा वजनावर. आपला डबा त्यांनी काट्यावर ठेवला, तर भरला साधारण 14 किलो 600 ग्रॅम. रिकामा पत्र्याचा डबा किलोभराचा धरा, म्हणजे आत तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर. डबा म्हणजे पंधरा किलो अशी सगळ्यांची समजूत, म्हणून आजींनी आरडाओरडा केला. सगळ्या जमल्या. "फसवलं, तक्रार करू या," असं सुरू झालं. एकीनं आदल्या महिन्यात शेठकडून घेतलेला डबा अजून फोडला नव्हता. तो काट्यावर ठेवला तर 16 किलो. मग तर काय, संतापाला उधाण!

तेवढ्यात एका शाळकरी पोरानं दोन्ही डब्यांवरचा छापील मजकूर मोठ्यानं वाचला. एकावर होतं 15 लिटर. दुसऱ्यावर होतं 15 किलो.

कोणीच फसवलं नव्हतं, श्रोतेहो. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. पुन्हा सांगतो, एक लिटर तेल, 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम. 2150 ला 13.65 नं भागा, किलो पडतो साधारण 157 रुपये 50 पैसे. शेठचा डबा 2250 चा, 15 किलोचा, किलो पडतो 150. स्वस्त डबा किलोमागे साडेसात रुपयांनी महाग! वर टेम्पोचे डब्यामागे पन्नास.

बायका शेठना जाब विचारायला गेल्या, "तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?" शेठ म्हणाले, "बोललो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, स्वतःचा माल खपवतोय."

गोष्टीला शेपूटही आहे. दोन माणसांच्या घरांना डबा सात-सात महिने पुरेल एवढा होता. उघडलेला डबा, गॅसजवळ ठेवलेला, होळीपर्यंत खवट झाला. उरलेलं तेल देवाच्या दिव्याला. महिन्याला दोन लिटर लागणाऱ्या घरानं डबा घेऊच नये. पाच लिटरचा कॅन घ्या, झाकण घट्ट लावा, अंधारात ठेवा.

    

तापमानाचीही एक गंमत होती. काही कंपन्या 1 लिटर लिहून शेजारी 60 अंश सेल्सिअस छापायच्या. गरम तेल फुगतं. सोयाबीन तेल 21 अंशाला लिटरमागे 919 ग्रॅम भरतं, 60 अंशाला 892.6 ग्रॅमच. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं कंपन्यांना सांगितलं, तापमान छापू नका, लिटरसोबत वजन छापा. ते वजन वाचा आणि किंमत त्या वजनानं भागा.

आता बाकीचं भराभर. पाकिटावर एमआरपीजवळ एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर, छापलेली असते. किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमची असते, मोठ्यावर किलोची. तुलना करताना ग्रॅमच्या दराला हजारानं गुणा. आणि ती एमआरपीवरून काढलेली असते, दुकानाच्या सवलतीवरून नाही. सवलतीचा दर आपणच मोबाईलवर भागून काढायचा.

मोठं ते स्वस्त, हेही दर वेळी खरं नाही. शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी मिलीलिटरच्या हिशेबानं बाटलीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. बिस्किटांचंही तेच, दहा रुपयांचे पुडे आणि फॅमिली पॅक यांचं वजन ताडून बघा.

घाऊकमध्ये घ्यावं ते साबण, कपड्यांची पावडर, मीठ, साखर, चहा. घेऊ नये ते बेसन, रवा, शेंगदाणे, सुकं खोबरं, निदान पावसाळ्याच्या तोंडावर तरी नाहीच. रव्याला जाळी धरते, दाणे खवट होतात. रवा जास्त आलाच तर कोरडा भाजून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा. गरम भरलात तर वाफ धरून गोळे होतात. तूरडाळ वर्षाची भरणार असाल तर कडक ऊन द्या आणि किलोला चमचाभर एरंडेल चोळा.

आणि वाण्याशी भाव करायचा तर एकेक जिन्नस मागू नका, महिन्याची पूर्ण यादी न्या. रोख देणार असाल तर आधीच सांगा, आणि घाऊक दुकानाची जुनी पावती सोबत ठेवा. एमआरपी ही कमाल किंमत आहे, त्याखाली विकायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. ज्या पाच-सहा जिनसांत फरक मोठा दिसतो, तेवढ्यांचाच भाव बोला. साखरेवर घासाघीस करू नका, तिच्यात त्यांना फारसं सुटत नाही. मसाल्यांवर आणि सुक्या मेव्यावर करा.