सुपरचार्ज्ड इंजिनासाठी हेडर निवडताना

नमस्कार मंडळी.

सुपरचार्जर असलेल्या स्पोर्ट्स कारला बाजारातून वेगळे विकत घेतलेले हेडर कसे निवडावेत, हा आजचा विषय आहे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून त्यात हवा दाबून भरणारा पंप, आणि हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा. बोलणे मोघम होऊ नये म्हणून मी एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवतो: केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात तयार झालेली, २०१५ ते २०१९ या मॉडेल वर्षांची, सातव्या पिढीची कॉर्व्हेट झी-ओ-सिक्स. झी-ओ-सिक्स हे नाव १९६३ पासूनचे आहे, पण त्या नावाच्या गाडीला कारखान्यातूनच सुपरचार्जर मिळाला तो या पिढीत पहिल्यांदा. तिच्या एलटी-४ इंजिनाची क्षमता ६.२ लिटर आणि ताकद ६,४०० आरपीएमला ६५० अश्वशक्ती आहे. सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसलेला ईटनचा १.७ लिटरचा सुपरचार्जर जास्तीत जास्त ९.४ पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब, देतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काहींच्या गॅरेजमध्ये ही गाडी उभी आहे, आणि मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न तिच्याविषयीच असतात.

प्रश्न बहुधा एकाच वाक्यात येतो: नळी पावणेदोन इंची घ्यावी, एक पूर्णांक सात अष्टमांश इंची घ्यावी की दोन इंची? उत्तर देण्याआधी या इंजिनात हेडरकडून आपल्याला नेमके काय हवे आहे ते पाहिले पाहिजे, कारण हेडरविषयीचे आपले बरेचसे ज्ञान सुपरचार्जर नसलेल्या इंजिनांवरून आलेले आहे आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना चुलवाण आठवत असेल. तिथे भाता मारायला कोणी बसत नाही. उंच धुराड्यातून तापलेला धूर वर जातो आणि त्याच्या ओढीने खालून ताजी हवा आत येते. धुराड्याची उंची चुकली की जाळ बसतो. साध्या इंजिनातला हेडर हा असा धुराडा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावत जाते आणि नळी जिथे कलेक्टरमध्ये, म्हणजे चार नळ्या एकत्र येतात त्या भागात, एकदम रुंद होते तिथून ती कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. हवा आत घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असताना ती व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला आत यायला वाट करून देते. सुमारे ८०० अंश सेल्सियस तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ६४० मीटरच्या आसपास असतो. नळी ७६ सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन दीड मीटर अंतर होते, म्हणजे लाटेला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ६,००० आरपीएमला क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ८५ अंश फिरते आणि ३,००० आरपीएमला त्याच्या निम्मे. नळीच्या लांबीवरून वाद होतात ते यासाठी: एक लांबी एकाच वेगपट्ट्यात पूर्ण साथ देते.

सुपरचार्ज्ड इंजिन मात्र लोहाराची भट्टी आहे. तिथे हवा भात्याने रेटून आत घातली जाते, ओढीची वाट पाहावी लागत नाही. एलटी-४च्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ मुद्दाम छोटा ठेवलेला आहे, कारण तो मोठा असता तर सुपरचार्जरने मेहनतीने दाबलेली हवा सिलिंडरात न थांबता सरळ एक्झॉस्टमध्ये निघून गेली असती. इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने वाया जाईल ती बव्हंशी नुसतीच हवा, पण ती दाबायला खर्च झालेली ताकद इंजिनाचीच असते. तेव्हा लाटेच्या ओढीला इथे महत्त्व आहे, पण ते दुय्यम. पहिले महत्त्व आहे ते रेटून आत घातलेल्या एवढ्या मोठ्या आकारमानाला बाहेर पडताना अडवणूक होऊ न देण्याला.

इथे सर्वाधिक गैरसमज होणारी गोष्ट सांगतो. नवे हेडर बसवले, गाडी चालवली आणि बूस्टचा काटा पूर्वीपेक्षा अर्धा-पाऊण पीएसआय खाली दिसला की मालक घाबरतो. त्याला वाटते, पैसे देऊन ताकद घालवली. प्रत्यक्षात ती चांगली खूण आहे. हा सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा पुढे ढकलतो. ढकललेली हवा इंजिनाला जितक्या सहज गिळता येईल तितका हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब कमी राहतो. काट्यावर दिसते ती त्या वाटेतली अडवणूक. बाहेरची वाट मोकळी झाली की सिलिंडरात मागे राहणारा जळका धूर कमी होतो, त्याची जागा ताजी हवा घेते आणि तेवढीच किंवा अधिक हवा कमी दाबाने आत जाते. दाब कमी म्हणजे हवा कमी तापते, आणि वरच्या टोकाला २०,००० आरपीएमच्या आसपास फिरणाऱ्या सुपरचार्जरच्या रोटरांना क्रँककडून कमी ताकद घ्यावी लागते. ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर हवा तापून ही गाडी स्वतःची ताकद आवरते, अशी तक्रार या मॉडेलच्या पहिल्या वर्षांत पुष्कळ झाली होती. ज्याने ती अवस्था अनुभवली आहे त्याला आत जाणारी हवा काही अंशांनी थंड मिळण्याचे मोल वेगळे सांगायला नको. काटा पूर्वीइतकाच दिसावा म्हणून लगेच सुपरचार्जर अधिक वेगाने फिरवणारी लहान पुली लावू नका. या इंजिनात हवा वाढवत गेले की उच्चदाबाचा इंधनपंप लवकर अपुरा पडू लागतो, आणि पूर्ण भाराखाली इंधन कमी पडणे हे पिस्टनच्या जिवावर बेतणारे असते.

आता व्यास. भिंत सव्वा मिलिमीटर धरली तर पावणेदोन इंची नळीची आतली वाट सुमारे १३.८ चौरस सेंटिमीटर भरते, एक पूर्णांक सात अष्टमांश इंचीची १६ आणि दोन इंचीची १८.३. कागदावर अष्टमांश इंचाचा फरक किरकोळ दिसतो, पण प्रत्येक पायरीला वाट साधारण सातव्या हिश्शाने रुंदावते. ज्या गाडीची पुली, कॅम आणि सिलिंडर-हेड मूळचे आहेत तिला मी एक पूर्णांक सात अष्टमांश इंचीच सुचवतो. दोन इंची नळी मोठा सुपरचार्जर किंवा बदललेला कॅम असणाऱ्यांसाठी आहे. मूळ इंजिनावर ती लावली तर नुकसान फारसे होत नाही, कारण भाता आपले काम करतच राहतो. पण रुंद नळ्या स्पार्क प्लगच्या टोप्यांना, स्टिअरिंगच्या दांड्याला आणि आसपासच्या वायरिंगला चिकटून जातात, आणि त्या गर्दीचा त्रास गाडी असेपर्यंत सोसावा लागतो.

व्यासाइतकेच लक्ष मी कलेक्टरकडे देतो, आणि ग्राहक तिथेच कमी पाहतात. या व्ही-८ मध्ये सिलिंडर १-८-७-२-६-५-४-३ या क्रमाने पेटतात. डाव्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८ आहेत. क्रम मांडून पाहिला की डाव्या रांगेत ३ नंतर केवळ ९० अंशांनी १ पेटतो आणि उजव्या रांगेत २ नंतर ९० अंशांनी ६. म्हणजे दोन्ही बाजूंना एक जोडी अशी आहे की पहिल्याचा धूर अजून निघतच असतो आणि दुसऱ्याचा झोत त्याच वाटेवर येऊन आदळतो. मूळच्या आखूड एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ही टक्कर व्हॉल्व्हच्या अगदी जवळ होते. लांब नळ्या ती दूर नेतात, आणि लांब हेडरचा या इंजिनाला होणारा सर्वात भरवशाचा फायदा माझ्या मते हाच आहे. चार नळ्या एकत्र येतात तिथे आत बोट घालून पाहा. चांगल्या कामात चारही नळ्या धारदार टोकाशी मिळतात, मध्ये अणकुचीदार सुळका असतो आणि वेल्डचा उंचवटा बोटाला लागत नाही. फ्लँजच्या, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीच्या, बाजूनेही बोट फिरवावे: नळी फ्लँजला जोडलेली असते तिथे आतून वेल्डची सरी उभी राहिली असेल तर इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या पोर्टच्या तोंडाशीच उंबरठा बांधल्यासारखे होते. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो, तरीही चकाकणाऱ्या बाह्यरूपावर भाळून न पाहता घेतलेले हेडर मी अनेकदा हाताळले आहेत.

धातूबद्दल थोडक्यात. ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील या कामाला पुरते. सतत ट्रॅकवर राहणाऱ्या गाडीला टायटॅनियमने स्थिर केलेले ३२१ अधिक टिकते, पण किंमतही तशीच असते. स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त फुगते. पाऊण मीटरची ३०४ची नळी ६०० अंशांनी तापली तर सुमारे ८ मिलिमीटर वाढते, आणि ती बोल्ट मारलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडला जखडलेली असते. म्हणून फ्लँज जाड हवा, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, आणि गॅस्केट पोलादाच्या अनेक थरांचे. या गाडीचा गिअरबॉक्स मागे आहे आणि त्याला जोडणारा टॉर्क ट्यूब मधल्या बोगद्यातून जातो. एक्झॉस्टही तिथूनच जातो. त्यामुळे उष्णता रोखणारे सिरॅमिक लेपन ही चैन नाही, बोगद्यातल्या सगळ्याच वस्तूंचे आयुष्य त्याने वाढते.

एका मित्राच्या गाडीची गोष्ट सांगतो. एका वर्कशॉपने लांब हेडर बसवून दिले आणि दोन आठवड्यांत डाव्या रांगेचे मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) असल्याचा इशारा येऊ लागला. इंजेक्टर तपासले, इंधनदाब तपासला, ट्यून (इंजिनाच्या संगणकातली मांडणी) दोनदा बदलले. शेवटी गाडी थंड असताना नळीत धूर सोडला तेव्हा ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडच्या सरकत्या जोडातून बारीक धूर निघताना दिसला. तिथे धातूवर काजळीची एक रेघही उमटली होती. एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तो बाहेरच्या हवेच्याही खाली जातो; तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती इंधनाची उणीव समजतो आणि संगणक नाहक इंधन वाढवत बसतो. सेन्सरच्या अलीकडे सरकते जोड नसलेला हेडर मिळत असेल तर तोच घ्यावा.

धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे कॅटचा, प्रश्न मी टाळणार नाही. मूळ गाडीत कॅट मॅनिफोल्डला लागूनच असतात, म्हणजे ते लवकर तापून कामाला लागतात. लांब हेडर त्यांना मागे ढकलतात. कॅट काढून टाकणे अमेरिकेच्या क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदेशीर आहे, आणि खोक्यावर "फक्त शर्यतीसाठी" असे छापलेले असले तरी रस्त्यावरच्या गाडीला त्याचा आधार घेता येत नाही. कॅलिफोर्नियात वाहन संहितेचे कलम २७१५६ आणखी कडक आहे: तिथे भागाला राज्याच्या वायुसंसाधन मंडळाचा मान्यतेचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, आणि जुलै २०२१ पासून स्मॉग (प्रदूषण) तपासणीत इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअरही पाहिले जाते. तिथल्या मित्रांनी लांब हेडरचा विचार करण्याआधी हा क्रमांक शोधावा. नसेल तर मूळ मॅनिफोल्ड ठेवावे, हा माझा सरळ सल्ला आहे. इतरांनी दर चौरस इंचाला ३०० छिद्रांचे, चांगल्या घडणीचे कॅट घ्यावेत. २०० छिद्रांच्या कॅटवर, कॅट नीट काम करत नसल्याचे सांगणारे पी-०४२० आणि पी-०४३० हे दोष पुन्हा पुन्हा उमटतात, आणि मग सॉफ्टवेअरमधून तो इशारा बंद करण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. आपल्या मागे चालणाऱ्या गाडीतल्या लहान मुलांनीही तीच हवा श्वासात घ्यायची आहे.

खरेदीआधी एक मोजणी करावी. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबमापकाची नळी लावावी, डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण भार देऊन ६,००० आरपीएमपर्यंत मूळ मॅनिफोल्डमागचा दाब नोंदवावा, आणि हेडर बसवल्यावर त्याच जागी पुन्हा नोंदवावा. दोन्ही वेळा आत येणाऱ्या हवेचे तापमान सारखे असल्याखेरीज आकड्यांची तुलना करू नये, कारण सुपरचार्ज्ड इंजिन लागोपाठ तिसऱ्या धावेला पहिल्यासारखी ताकद देत नाही. जाहिरातीतल्या आकड्यांत हेडर, मोकळे कॅट आणि नवे ट्यून यांचा एकत्रित परिणाम असतो. तुमच्या दाबमापकावर फक्त वाट किती मोकळी झाली तेवढेच दिसेल.

बसवल्यानंतर तीन-चार वेळा इंजिन पूर्ण तापू द्यावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि मग प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावा. फायरवॉलजवळचे, सातव्या आणि आठव्या सिलिंडरचे मागचे बोल्ट हाताला सहज लागत नाहीत म्हणून ते राहून जातात. सुरुवात त्यांच्यापासून करावी.